ट्रकमध्ये ठेवायला स्वस्त बंदूक: टेक्सासात जमीन घेतलेल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

माझ्या ओळखीत टेक्सासात दहा-वीस एकर घेतलेली मराठी घरं आता हाताच्या बोटांवर मावत नाहीत. सगळ्यांची गोष्ट साधारण सारखीच. पहिल्या वर्षी कुंपण, दुसऱ्या वर्षी पिकअप, आणि तिसऱ्या वर्षी मला फोन: "अरे, रानडुकरांनी अख्खा बांध उकरून ठेवलाय. ट्रकमध्ये टाकून ठेवायला एखादी स्वस्तातली बंदूक सांग ना." त्यातला "टाकून ठेवायला" हा शब्द मला खटकतो. का खटकतो ते पुढे येईलच. दर वेळी फोनवर तेच तास-तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते इथे राहून, फॉर्म भरून आणि वाचून जे पक्कं कळलं तेवढंच आहे.

ट्रक गन म्हणजे नेमकी कोणती बंदूक?

पहिली गोष्ट, इथला "ट्रक" म्हणजे आपला दहाचाकी नव्हे, पिकअप. आणि ट्रक गन ही काही बंदुकीची जात नाही, तो तिचा वापर आहे. पूर्वी टेक्सास, ओक्लाहोमा, मोंटाना या भागांत पिकअपच्या मागच्या काचेला लाकडी घोडी असायची आणि तिच्यावर एक बंदूक आडवी ठेवलेली. बहुतेकदा विंचेस्टर ९४. जॉन ब्राउनिंगने आखलेली, १८९४ साली बाजारात आलेली, .३०-३० काडतुसाची ही लिव्हरची (चापाखालचा दांडा ओढून काडतूस भरायची) रायफल. चपटी, हलकी, कुठेही सरकवता येणारी. वासराच्या मागे कोयोट (कोल्ह्यासारखं जनावर) लागला, कुंपणात अडकून हरणाचा पाय मोडला, रॅटलस्नेक गोठ्यात शिरला, की हाताशी असावी म्हणून.

काचेवरची ती घोडी आता जवळजवळ गेली, कारण आता ती चोराला दिलेलं आमंत्रण ठरते. बंदूक मात्र राहिली. तिच्याकडून अपेक्षा तीनच: खरचटली तरी जीव हळहळू नये, धुळीत-उन्हात चालावी, आणि काम होण्याइतका नेम लागावा.

मी एच-१बीवर आहे. दुकानात जाऊन घेता येईल का?

हा प्रश्न खरं तर पहिला हवा होता, पण तो विचारतात सगळ्यात शेवटी, आणि काही जण तर घेऊन झाल्यावर.

संघराज्याच्या कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. विकत घेणं तर दूरच. एच-१बी, एफ-१, एल-१, एच-४, पर्यटक व्हिसा, सगळे यात येतात. दुकानात जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो त्यात हा प्रश्न थेट विचारलेला आहे, आणि तिथे खोटं उत्तर देणं हा वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. टेक्सासच्या रहिवाशाला तो २५ डॉलरला मिळतो. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो. तो करा, चांगला असतो. पण मेख अशी की टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी नूतनीकरण केलेलं नसेल आणि बंदूक ट्रकमध्ये असेल, तर तुमचा अपवाद संपला. फोनमध्ये गजर लावून ठेवा, वकिलाचा एकदा सल्ला घ्या, आणि परवान्याची प्रत बंदुकीसोबत नव्हे, पाकिटात ठेवा.

आणि हे नुसतं कागदावरचं आहे असं समजू नका. फ्लोरिडात एक परदेशी विद्यार्थी कॉलेजातून नाव कमी झाल्यावर, व्हिसाचा दर्जा गेलेला असताना, रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. तेवढ्यावर खटला झाला आणि शिक्षाही. "रेहाइफ विरुद्ध युनायटेड स्टेट्स" या नावाने तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की आपला दर्जा गेलाय हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारला सिद्ध करावं लागेल. पण तिथवर पोचायला माणसाची किती वर्षं गेली ते बघा. २०२२ पासून या कलमाखाली कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे.

मी ग्रीन कार्डवर आहे, बायको एच-४वर. ट्रक दोघं वापरतो. आणि भारतातून मेहुणा आलाय, त्याला दोन बार काढू दिले तर?

नको. मनाई "बाळगण्याला" आहे, मालकीला नाही. मेहुण्याच्या हातात बंदूक दिली तर तो अडकतो, आणि जाणूनबुजून दिली म्हणून तुम्हीही अडकू शकता. बायको एकटी ट्रक घेऊन एचईबीला, किराणा आणायला, जाणार असेल तर निघण्याआधी बंदूक घरातल्या कपाटात, कुलपात. मी माझ्यापुरता नियम केलाय: ट्रकची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा बंदूक ट्रकमध्ये नसते.

मित्राच्या नावाने घेऊन आपण वापरणं, हेही अजिबात नको. फॉर्मवर सही करणारा स्वतःसाठी घेतोय असं लिहून देतो, आणि तो दुसऱ्यासाठी घेत असेल तर तो संघराज्याचा गुन्हा आहे.

बजेट किती धरू?

एकूण ५०० ते ६०० डॉलर धरा, पण सगळे बंदुकीवर उडवू नका. माझी वाटणी अशी: बंदूक २५० ते ३००, ट्रकमध्ये बोल्टने बसवायची पोलादी पेटी १५० ते २००, उरलेल्यात काडतुसं, कानावरचे मफ आणि तेल-फडकं. लोक उलटं करतात. आठशेची रायफल घेतात आणि ती मागच्या सीटवर सतरंजीखाली ठेवतात. बंदूक स्वस्त असली तर चालेल, कुलूप स्वस्त असलेलं चालत नाही.

काडतुसांचा भाव आधी बघा, कारण बंदूक एकदाच घ्यायची असते. .२२ ची गोळी दहा सेंटच्या आसपास मिळते. १२ बोरचं छर्‍याचं साधं काडतूस चाळीस-पन्नास सेंटला. .३०-३० साठी मात्र एका बाराला डॉलर-दीड डॉलर पडतो. शंभर बार काढल्याशिवाय नेम बसत नाही, तेव्हा गणित आपलं आपणच करा.

मग घेऊ कोणती? एक नाव सांग.

एकच सांगायची तर मॅव्हरिक ८८. १२ बोरची पंप (पुढची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायची) शॉटगन, नवीकोरी अडीचशेच्या आसपास. मॉसबर्ग कंपनीचीच स्वस्त बहीण. मॉसबर्ग ५०० हे १९६१ पासूनचं मॉडेल आणि आतली यंत्रणा बरीचशी तीच. दस्ता प्लास्टिकचा, रंग मळकट काळा, दिसायला अगदीच यथातथा. नेमकं हेच ट्रकमध्ये उपयोगाचं. छर्‍याचं काडतूस घातलं की सापाला पुरते, स्लग (एकच जाड गोळी) घातला की पन्नास-साठ यार्डांवर डुकराला पुरते. त्यापलीकडे साध्या नळीतून स्लग मारण्याचा हट्ट धरू नये. सेफ्टीचं बटण चापाजवळ आडवं असतं. डावखुऱ्यांनी दुकानातच हाताळून बघावी.

पण दरवेळी शॉटगनच का? तुमचं काम काय यावर आहे, म्हणून बाकीच्याही सांगतो.

*.२२ रायफल.* रुगर १०/२२ हे मॉडेल १९६४ पासून आहे. दहा गोळ्यांचं फिरतं मॅगझिन, नवी तीनशेच्या आसपास. जुनी मार्लिन ६० पॉन शॉपमध्ये (गहाणवटीच्या दुकानात) त्याहून स्वस्त मिळते. ही रायफल एक कोटीहून जास्त विकली गेली, त्यामुळे ती मिळणार नाही असं होत नाही. आर्माडिलो, स्कंक, डबे फोडणं, मुलांना शिकवणं यासाठी .२२ सारखी बंदूक नाही. मात्र डुकराला .२२ मारू नये. जनावर जखमी होऊन झाडीत जातं आणि दोन दिवस तडफडून मरतं. ते पाप आहे, आणि वर तुमचा बांधही तसाच उकरलेला राहतो.

*.३०-३० लिव्हर.* मन इथेच अडकतं, माझंही अडकलं होतं. विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ हातात घेतली की ठेववत नाही. पण ती आता स्वस्त राहिलेली नाही. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि जुन्यांचे भाव चढत गेले. मार्लिन कंपनी २०२० मध्ये रुगरने घेतली, नवी ३३६ उत्तम आहे आणि हजाराच्या वर जाते. दुसरी अडचण रोजच्या वापरातली, जी कॅटलॉगात लिहिलेली नसते: ही बंदूक रिकामी करायची तर एकेक काडतूस लिव्हर ओढून नळीजवळून बाहेर काढावं लागतं. सहा काडतुसं, सहा वेळा खटका. संध्याकाळी दमून, अंधारात, ट्रकशेजारी उभं राहून रोज ते करायचं. एक दिवस मोजण्यात चूक होते.

*साधी बोल्ट रायफल.* सॅव्हेज अ‍ॅक्सिस चारशेच्या आसपास. नेम अप्रतिम, पण दुर्बीण लावली की लांबलचक होते आणि कॅबमध्ये दर खड्ड्याला दुर्बीण कुठेतरी आपटते. मोकळं रान आणि दोनशे यार्डांवरचा कोयोट असेल तरच.

*एकनळी, मधून मोडणारी.* कोकणातल्या माणसाला ही लगेच ओळखीची वाटेल. दीडशे-दोनशेत मिळते. मोडली की नळी आरपार दिसते, भरलेली की रिकामी हा संशयच उरत नाही. एकच बार, पण शेतावरच्या दहा कामांतल्या नऊंना एकच लागतो. खरं सांगायचं तर नवख्याला मी मॅव्हरिकच्याही आधी हीच देईन. पण लोकांना "एकच गोळी?" असं वाटतं, मग मी मॅव्हरिकवर येतो.

*एआर-१५.* लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल. सगळ्यात स्वस्त पाचशेच्या घरात मिळतात, आणि डुकरांचा कळप असेल तर कामाची आहे. पण ट्रक फोडणारा जे शोधत असतो ते हेच. घरात ठेवा, कामापुरती न्या.

*पिस्तूल.* शेतावरच्या कामासाठी लांब नळीच बरी. पिस्तुलाने पंधरा पावलांवरचा डबा चुकतो. चुकत नसेल तर तुम्हाला या लेखाची गरज नाही. शिवाय दुकानातून लांब नळीची बंदूक घ्यायला वय १८ लागतं आणि पिस्तुलाला २१. चोरीला गेलेलं पिस्तूल खिशात मावतं, चार फुटी शॉटगन मावत नाही.

शॉटगन सीटमागे बसत नाही. नळी थोडी कापून घेतली तर?

नाही! १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा आणि रायफलची १६ इंचांपेक्षा आखूड करायची तर आधी नोंदणी व मंजुरी लागते. करवत चालवली की तुम्ही गुन्हेगार. दुकानात १८.५ इंच नळीची मॅव्हरिक तयार मिळते, ती घ्या.

मोसिन-नागांत ही जुनी रशियन लष्करी रायफल शंभर डॉलरला मिळते असं ऐकलंय.

मिळायची, पंधरा-वीस वर्षांपूर्वी. दुकानात पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असत, हवी ती उचला. एसकेएस या दुसऱ्या जुन्या लष्करी रायफलचंही तसंच, नव्वदच्या दशकात चिनी एसकेएस फेकल्या भावात यायची. १९९४ मध्ये चिनी बंदुकांची आयात थांबली, नंतर रशियन मालावर एकेक बंधन येत गेलं, २०२१ मध्ये रशियन दारूगोळाही त्यात आला. आज दोन्ही कित्येक पटींनी महाग आहेत, आणि तो सल्ला देणारा माणूस जुन्या काळात अडकलाय.

तशीही मोसिन ट्रकची नव्हेच. जवळजवळ चार फूट लांब. शिवाय जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतलं रसायन नळीत मीठ सोडतं. त्याच दिवशी पाण्याने धुतली नाही तर आठवड्यात आतून गंजते.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

दुकानदाराला विचारून आधी बंदूक उघडा आणि रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, त्याने सांगितलं असलं तरी. मग नळीत मागून उजेड पाडून बघा. आत काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. छर्‍याच्या बंदुकीत थोडे चालतात, रायफलमध्ये नको. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नसावी. दस्त्याला मनगटाजवळ चीर आहे का ते अंगठ्याने दाबून बघा, तिथेच तडकतो. स्क्रूंच्या खाचा चुरगळलेल्या असतील तर आधीच्या मालकाने आत हात घातलाय. पंप असेल तर दहा वेळा मागे-पुढे करा, अडखळली तर सोडून द्या.

नळीवर वळ्यावळ्यांची नक्षी असलेली जुनी दुनळी दिसली तर ती भिंतीवर लावायची वस्तू. डमास्कस नळ्या आजच्या दारूसाठी नाहीत, फुटतात.

घेतल्यावर सीरियल नंबरचा फोटो काढा. हे का, ते चोरीच्या प्रश्नात.

ट्रकमध्ये भरलेली ठेवायची की रिकामी?

टेक्सासात, बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाने लांब नळीची भरलेली बंदूक ट्रकमध्ये ठेवायला मनाई नाही. तरीही नळी रिकामीच ठेवा. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, बाकी काही नाही. कॅलिचीच्या (चुनखडीच्या मुरुमाच्या) रस्त्यावर तास-तास आदळणाऱ्या ट्रकमध्ये त्या एका बटणावर विसंबायचं नसतं. पंपमध्ये काडतुसं पोटात (नळीखालच्या मॅगझिनमध्ये) आणि नळी रिकामी, इतपत ठीक. मी तेही करत नाही. काडतुसं दस्त्याला लावलेल्या कापडी पट्ट्यात असतात. दोन सेकंद जास्त लागतात, पण डुक्कर काही घड्याळ लावून बसलेलं नसतं.

गाडीतून नेम धरू नका. एक तर सार्वजनिक रस्त्यावरून शिकार बेकायदा आहे, दुसरं म्हणजे कॅबमध्ये १२ बोरचा एक बार वाजला तर कान कायमचे बिघडू शकतात.

ठेवायची कुठे?

डबल कॅबमध्ये मागच्या सीटखाली. सीट उचलून बघा, बऱ्याच पिकअपमध्ये तिथे लांब सपाट जागा असते. तिथे पोलादी पेटी सीटच्याच बोल्टला जखडायची. पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावरच्या टूलबॉक्समध्ये नको, ते पत्र्याचं असतं आणि स्क्रूड्रायव्हरने उघडतं. ग्लव्ह बॉक्समध्ये तर काहीच नको.

सगळ्यात महत्त्वाचं: रात्री बंदूक ट्रकमध्ये राहत नाही. पेटी ही दिवसाची, हार्डवेअरच्या दुकानात वीस मिनिटं जायचं तेवढ्यापुरती. रात्री घरात, कपाटात. "टाकून ठेवायला" शब्द खटकतो तो यासाठी. ट्रक गन ट्रकबरोबर हिंडते, ट्रकमध्ये नांदत नाही.

घरात मूल असेल तर हे दुप्पट लागू. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी हयगय करणं हा गुन्हा आहे. नव्या बंदुकीच्या खोक्यात केबलचं कुलूप बहुधा येतंच. नसेल तर बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं.

आणि मागच्या काचेवर बंदूक कंपनीचं स्टिकर लावू नका. तो फुकटचा फलक आहे: "इथे आत बघा."

एवढं काय, चोरी होऊन होऊन किती होते?

२०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्याची नोंद संघराज्याच्या एटीएफ या खात्याने केली आहे, आणि त्यातल्या बहुतेक दुकानांतून नव्हे, माणसांकडून. गाड्या हे चोरांचं आवडतं ठिकाण. २०१५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एक तरुणी गोळी लागून मेली. ते पिस्तूल एका सरकारी रेंजरच्या उभ्या गाडीतून काही दिवसांपूर्वी चोरीला गेलेलं होतं. प्रशिक्षित माणसाच्या गाडीतून.

चोरी झाली तर लगेच पोलिसांना कळवा आणि सीरियल नंबर द्या. नंबर नसेल तर देशभरच्या चोरीच्या यादीत ती बंदूक चढवता येत नाही, आणि उद्या कुठे सापडली तरी ती तुमची हे कुणाला कळणार नाही. माझ्या शेजाऱ्याकडे नंबर नव्हता. "काळी, लांब, पट्ट्याला गाठ मारलेली," एवढंच तो सांगू शकला. डेप्युटीने (इथल्या पोलिसाने) ते लिहून घेतलं, पण लिहिताना वर बघितलं नाही.

उन्हाने काडतूस फुटतं का?

नाही. ऑगस्टात बंद कॅबमध्ये ६० अंशांच्या वर पारा जातो, तेवढ्याने काडतूस पेटत नाही. पण महिनोन् महिने तापून-थंड होऊन दारूचा भरवसा कमी होतो. दरवर्षी शिकारीच्या हंगामाआधी ट्रकमधली काडतुसं रेंजवर उडवून नवी घ्या.

खरा वैरी गंज. पहिल्या वर्षी मी मॅव्हरिक फोमच्या छानशा पिशवीत ठेवली. फोम दमटपणा धरून ठेवतो. तीन आठवड्यांनी काढली तर नळीवर माझ्या चार बोटांचे ठसे, तांबूस रंगात, जणू कुंकवात बोटं बुडवून उठवलेत. पोलादी लोकरीने घासून गेले, पण नळीचा काळा रंगही गेला. आता सिलिकॉन लावलेला विणलेला मोजा वापरतो आणि महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसतो. तेल अगदी पातळ. जास्त झालं तर कॅलिचीची पांढरी धूळ त्यात बसून काचपेपरासारखी खरखरीत लुगदी होते.

दुसऱ्या राज्यात ट्रक घेऊन गेलो तर?

टेक्सासचे नियम टेक्सासच्या हद्दीला संपतात. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये गाडीत भरलेली लांब बंदूक चालत नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून उभ्या गाडीत बंदूक सोडून जायची तर गाडीला कुलूप, आत कुलपाची पेटी आणि ती नजरेआड, हे बंधन आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांचं तर विचारूच नका.

नुसतं ओलांडून जायचं असेल तर १९८६ च्या संघराज्य कायद्याचं संरक्षण आहे: दोन्ही टोकांना बंदूक कायदेशीर हवी, ती रिकामी हवी, आणि ती व काडतुसं हाताला लागणार नाहीत अशी हवीत. पिकअपला डिकी नसते, म्हणून कुलपाची पेटी हवी. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की ग्लव्ह बॉक्स आणि कन्सोल चालत नाहीत. वाटेत नातेवाइकांकडे चार दिवस मुक्काम केला की हे संरक्षण डळमळतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गणपतीला निघाला असाल तर बंदूक घरीच ठेवा.

शाळेच्या हजार फुटांतही असाच संघराज्याचा नियम आहे: रिकामी आणि कुलपात. मुलांना सोडायला जाताना हे लक्षात असू द्या. लष्करी तळाच्या फाटकावर तर आधीच विचारतात. मेक्सिकोची सीमा ओलांडताना मात्र एक काडतूससुद्धा सीटखाली राहिलेलं नको, तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. निघण्याआधी मॅट उचलून, टॉर्च मारून बघा.

पोलिसांनी थांबवलं तर?

दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावा. विचारलं तर शांतपणे सांगा: बंदूक आहे, मागच्या सीटखाली पेटीत, रिकामी. "गन" हा शब्द पहिल्या वाक्यात ओरडून बोलू नका. विम्याचे कागद सन-व्हायझरमध्ये ठेवा, म्हणजे कुठे हात घालायची वेळच येत नाही.

माझे सातच एकर आहेत. बार काढता येईल?

आधी काउंटीला (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला) विचारा. शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहतीत दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर बार काढायला बंदी घालण्याचा अधिकार टेक्सासात काउंटीला आहे. काहींनी घातलीय, काहींनी नाही. शिवाय गोळी तुमच्या कुंपणाबाहेर जाता कामा नये, आणि .२२ ची गोळीसुद्धा मैलभर जाऊ शकते. मागे मातीचा उंच बांध नसेल तर बार नाही.

रानडुकरांसाठी चांगली गोष्ट: २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, डुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. पण वर सांगितलेल्या व्हिसावाल्यांनी यावरून परवाना टाळू नये. तुमचा परवाना डुकरासाठी नाही, बंदूक हातात धरण्यासाठी आहे.

गावाकडे, सिंधुदुर्गात, असं गाडीत ठेवून हिंडता येईल का?

हा प्रश्न दर दिवाळीला येतो. नाही. आमच्या गावात डुकरं आणि माकडं राखायला लोकांकडे ठासणीच्या बंदुका आहेत, पण त्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की त्या बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आजोबांची बंदूक अशी गोणपाटात गुंडाळून एसटीने कुडाळला गेलेली मी पाहिलीय. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काहीच नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकालाही तीनऐवजी दोनच शस्त्रं. इथली काडतुसं चुकून बॅगेत राहिली तर मुंबई विमानतळावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला कधीच वापरू नका.

ट्रक सर्व्हिसिंगला देताना?

बंदूक, काडतुसं, पट्टा, सगळं घरी. एका गॅरेजातून मला फोन आला होता: "सर, सीटखाली दोन शॉटगन शेल सापडलेत, फेकू का?" त्या सीटखाली मी स्वतः तीनदा बघितलं होतं. रुळाच्या खाचेत घरंगळून गेलेले. आता ट्रक देण्याआधी सीट पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे, आणि दोन्ही वेळा टॉर्च.